रेडमंडचा नैतिक शिकारी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. इथे अमेरिकेत, रेडमंडला, हिवाळ्यात गाडी महिनाभर एकाच जागी उभी ठेवली की खिडकीच्या रबरावर हिरवं शेवाळ धरतं ना, तसे ते आपोआप धरतात. आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियातल्या खिडकीजवळच्या टेबलावर तर फारच. तिथे मी, अनिरुद्ध आणि सतीश असे तिघं कित्येक वर्षं रोज डबा खातोय. त्यात मला झोपण्याआधी चार ओळी लिहून ठेवायची सवय. त्यामुळे माझ्याकडचं शेवाळ जरा जास्तच दाट आहे!

अनिरुद्ध मूळचा पुण्याचा, कॉलेजपासून माझ्याबरोबर. ऑफिसात आर्किटेक्ट, म्हणजे स्वतः कोड न लिहिता दुसऱ्याचा कोड कसा असायला हवा होता ते सांगतो. सतीश नागपूरचा. तो काही सांगत नाही, फक्त बोचतो.

अनिरुद्धला दरवर्षी एक खूळ लागतं. एका वर्षी आंबवलेल्या पिठाचा पाव. एका वर्षी मधमाश्या. त्या एका सकाळी उठून शेजाऱ्याच्या झाडावर राहायला गेल्या. मग आरोग्यासाठी थंड पाण्याची आंघोळ. घरातला हीटर बिघडला आणि खरोखरच थंड पाणी यायला लागलं, त्या दिवशी ती बंद झाली!

मग आली शिकार. साधी शिकार नाही हं. एथिकल हंटिंग!

*

सुरुवात झेंडूपासून झाली. अनिरुद्धच्या घरामागे रान आहे. तिथून हरणं बिनधास्त अंगणात येतात. त्याच्या बायकोने, मेधाने, दसऱ्यासाठी झेंडू लावला होता. शेजारी मेथी, मिरच्या. एका सकाळी बघते तर नुसत्या काड्या! मिरच्यासुद्धा गायब.

मेधा अंगणात उभी राहून हरणांचा उद्धार करत होती. अनिरुद्ध कॉफीचा मग घेऊन मागे आला आणि म्हणाला, "मेधा, त्यांना दोष देऊ नकोस. लांडगे संपले, कूगर कमी झाले, म्हणून हरणं वाढली. इकोसिस्टिमचा तोल गेलाय. आता प्रिडेटरची जबाबदारी माणसानेच घ्यायला हवी!"

मेधा म्हणाली, "आधी कुंपणाची घे."

कुंपण आजही झालेलं नाही.

*

पण टेबलावर रोज व्याख्यान सुरू झालं. शिकारीच्या लायसन्सचे पैसे जंगलं सांभाळायला जातात. सरकारी माणसं हरणं मोजतात, मग किती मारायची ते ठरवतात. शिकारी नसतील तर हरणं उपाशी मरतील, रोगाने मरतील, गाड्यांखाली मरतील. यातलं काहीच खोटं नव्हतं. त्रास फक्त एवढाच होता की तो ते आम्हाला सांगत होता, आणि आम्ही वरण-भात खात होतो.

सतीशने विचारलं, "म्हणजे तू मारशील ते हरणाच्या भल्यासाठी?"

"त्या प्रजातीच्या भल्यासाठी."

"आणि त्या एका हरणाचं काय बे?"

अनिरुद्धने भात कालवला. म्हणाला, "ते लाँग टर्म विचार करत नाही!"

*

पुढच्या आठवड्यात त्याने टेबलावर एक चकचकीत पाकीट ठेवलं. आत वाळवलेल्या मांसाच्या काळपट पट्ट्या. "एल्क जर्की! रानातलं जनावर, नो हॉर्मोन्स, नो प्लॅस्टिक ट्रे. वाळवून ठेवायचं, महिनोन्‌महिने टिकतं. काय शहाणपण आहे बघ या लोकांचं! खाऊन बघ, मिल्या."

मी एक पट्टी घेतली. चावत बसलो. जरा गोड होती, बाकी ओळखीची.

"चांगली आहे," मी म्हणालो. "आमच्याकडे याला चान्या म्हणतात. माझी आत्या छपरावर दोरी बांधून वाळवायची. फर्स्ट इयरला माझ्या ट्रंकेत होत्या. तू वासाचा त्रास होतो म्हणून वॉर्डनला सांगून खोली बदलून घेतली होतीस."

सतीशने चमचा खाली ठेवला. एवढ्या वर्षांत हा विषय कधी निघाला नव्हता.

अनिरुद्धचे कान लाल झाले. त्याने पाकीट उलटंपालटं केलं, मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाला, "हो, पण त्या ऑर्गॅनिक नव्हत्या ना!"

सतीश इतका हसला की त्याला ठसका लागला. मीही हसलो. आणि पाकीट मात्र घरी घेऊन गेलो. आत्याच्या हातच्या नव्हत्या, पण चान्याच होत्या ना!

*

इथे शिकारीचं लायसन्स काढायला आधी कोर्स करावा लागतो. अनिरुद्धने मुलीलाही त्यात ओढलं. रेवा बारावीत. इथेच जन्मलेली, मराठी सगळं कळतं, उत्तर निम्मं इंग्रजीत देते. तिला लहानपणापासून प्राण्यांचं वेड. बाप बोलायचा त्या विषयावरची पुस्तकं ती खरोखर वाचायची.

शेवटच्या दिवशी मैदानात तोंडी परीक्षा होती. मी त्यांना सोडायला गेलो होतो म्हणून मागे उभा होतो. शिकवणाऱ्या बाईंनी अनिरुद्धला विचारलं, "हरीण समोर आहे. अंतर बरोबर आहे. गोळी झाडण्याआधी तुम्ही सर्वांत आधी काय तपासाल?"

अनिरुद्धने डोळे मिटले. "माझा हेतू," तो म्हणाला.

बाईंनी हातातला कागद खाली घेतला. मग म्हणाल्या, "सर, हरणाच्या मागे काय आहे ते तपासा. मागे माणूस असला तर तुमचा हेतू पोलीस तपासतील."

रेवाला पैकीच्या पैकी मार्क मिळाले. अनिरुद्ध काठावर पास झाला. परतताना गाडीत तो म्हणाला, "त्या बाईंचं तत्त्वज्ञान जरा कच्चं आहे."

मागच्या सीटवरून रेवा म्हणाली, "डॅड, शी वॉज टॉकिंग अबाउट अ बुलेट."

*

आता मुख्य गोष्ट. रेवाचे कॉलेजचे फॉर्म नोव्हेंबरात जायचे होते. एका शनिवारी आम्ही सगळे त्यांच्याकडे जेवायला होतो, तेव्हा तिने सांगून टाकलं की ती वाइल्डलाइफ बायॉलॉजी लिहिणार.

अनिरुद्धच्या हातातला घास हातातच राहिला. "वाइल्डलाइफ? त्यात जॉब कुठे आहेत?"

"डॅड, तुम्हीच रोज कन्झर्वेशनवर बोलता!"

"बोलतो ना! पण कन्झर्वेशन हे वीकेंडला करायचं असतं!"

सतीश माझ्या कानाशी म्हणाला, "हे फ्रेम करून लावण्यासारखं आहे."

वाद बराच चालला. कॉम्प्युटर सायन्स कर, मग हवी तेवढी हरणं मोज, ॲप बनव हरणांचं, असं अनिरुद्धचं म्हणणं. रेवा आधी रडकुंडीला आली. मग एकदम शांत झाली. ती शांत झाली की मेधासारखी दिसते आणि मग काही खरं नसतं.

"ओके," ती म्हणाली. "यू टॉक अ लॉट, डॅड. या सीझनला एक हरीण आणा. स्वतः मारून, स्वतः साफ करून, स्वतः खाऊन. आणलंत तर मी कॉम्प्युटर सायन्स लिहीन. नाही आणलंत तर वाइल्डलाइफ, अँड यू डोन्ट से अ वर्ड. एव्हर."

"डन!" अनिरुद्ध म्हणाला. त्याने हात पुढे केला. तिने तो धरून हलवला, सही केल्यासारखा.

मेधा भात वाढता वाढता थांबली. "पोरीच्या आयुष्याचा निर्णय हरणावर सोपवलात?"

"हरणावर नाही," सतीश म्हणाला, "अनिरुद्धच्या नेमावर. म्हणजे पोरगी वाइल्डलाइफलाच चालली!"

पण रेवा हसली नाही. काहीही अर्धवट सोडू नये असं बापाला म्हणताना तिने ऐकलं होतं, आणि नेहमी अर्धवट सोडतानाही पाहिलं होतं. यातलं कोणतं खरं ठरणार, हे तिलाही माहीत नव्हतं.

*

पैज लागली आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की सीझन नवरात्रात उघडतोय!

अनिरुद्ध बाहेर सगळं खातो. पण वार पाळतो. घरात मेधा शुद्ध शाकाहारी; तिच्या स्वयंपाकघरात अंडंसुद्धा येत नाही. तिने पहिल्याच दिवशी निकाल दिला. "नवरात्रात घरातला माणूस बंदूक घेऊन बाहेर पडणार नाही. घट बसलेत."

"अगं, मी खाणार नाहीये. फक्त मारणार."

"ते जास्त वाईट आहे का कमी, तूच ठरव."

दुसऱ्या दिवशी सतीशने मीटिंग रूममधल्या व्हाइटबोर्डवर अख्खा सीझन आखला. लाल मार्करने काट मारायला सुरुवात केली. नवरात्र गेलं. सोमवार शंकराचा. मंगळवार गणपतीचा. गुरुवार दत्ताचा. शनिवार मारुतीचा. बुधवारी रिलीजचा रिव्ह्यू, तो कुठल्याच देवाचा नाही पण व्हाइस प्रेसिडेंटचा. उरले शुक्रवार आणि रविवार!

"संकष्टी बघितलीस का?" मी विचारलं.

"ती गुरुवारी आहे. गुरुवार तसाही गेलाय."

"आणि शेवटच्या रविवारी कोजागिरी. पौर्णिमा चालते का?"

अनिरुद्धने मेधाला फोन लावला, स्पीकरवर. मेधा म्हणाली, "पौर्णिमा आपल्याकडे पाळत नाहीत." सतीशने त्या रविवारभोवती हिरवं वर्तुळ काढलं.

तेवढ्यात आमची मॅनेजर आत आली. ती इथलीच, मूळची मिनेसोटाची. तिने बोर्ड बघितला, लाल फुल्या बघितल्या आणि विचारलं, "हे सगळे दिवस ब्लॉक कुणी केलेत?"

सतीश म्हणाला, "स्टेकहोल्डर्सनी. फार सीनियर आहेत."

*

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. अनिरुद्धकडे दरवर्षी लॅपटॉप, गाडीची किल्ली आणि मेधाची विळी पाटावर मांडली जाते. यंदा मध्ये बंदूक! मेधाने नाक मुरडलं, पण पूजा म्हणजे पूजा. हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, दुकानातून विकत आणलेला झेंडू वाहिला. घरचा हरणांनी खाल्ला होता.

दसरा झाला. अनिरुद्धला शिकार शिकवणारा शेजारी म्हणजे वॉल्ट, रिटायर्ड डेंटिस्ट. हरणाचं वय तो दातांवरून सांगतो आणि माणसाचंही. हसताना जपून हसावं लागतं त्याच्यासमोर. तो बंदुकीचा नेम बसवून द्यायला अनिरुद्धला रेंजवर घेऊन गेला. वॉल्टने बंदूक उचलली, तिच्या दुर्बिणीवरचे लाल डाग बघितले आणि खूश होऊन ओरडला, "अरे वा! पहिलं रक्त लागलंसुद्धा?"

अनिरुद्धने खुलासा केला. हे कुंकू आहे. ही परंपरा आहे. शस्त्राबद्दल कृतज्ञता.

वॉल्टने समजूतदारपणे मान हलवली. मग अनिरुद्ध नेम धरायला बसला. बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "वॉल्ट, उजेड आज फार सुंदर आहे. सोनेरी!"

वॉल्टने दुर्बिणीची काच बघितली. मेधाने हळद काचेवरच वाहिली होती!

*

पहिला शुक्रवार. अनिरुद्धने सुट्टी घेतली. नियमाप्रमाणे भडक नारिंगी जॅकेट घालून तो आदल्या दिवशी ऑफिसात मिरवून गेला होता. सतीशने विचारलं होतं, "कुठल्या मोर्च्याला?"

शिकाऱ्याच्या अंगाला माणसाचा वास येऊ नये म्हणून इथे खास साबण मिळतो, खास फवारा मिळतो. अनिरुद्धने सगळं घेतलं. तीन वेळा आंघोळ केली. कपडे वेगळे धुतले. आणि मग ते वाळत घातले स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत! मेधाने त्याच संध्याकाळी आमटीला फोडणी दिली.

रानात वॉल्ट सारखा हवेत नाक वर करून हुंगत होता. "हा कसला वास? औषधासारखा... पण भूक लागते."

हिंग! वारा पाठीमागून होता. दिवसभरात एक खारसुद्धा जवळ आली नाही.

त्यात मेधाने डब्यात भडंग दिलं होतं. त्या निःशब्द जंगलात अनिरुद्धने पहिला बकाणा भरला मात्र, समोरच्या झाडीतून काहीतरी मोठं उठलं आणि फांद्या मोडत पळालं. वॉल्टने हळूच डबा स्वतःच्या हातात घेतला. अनिरुद्धला वाटलं, आता रागावणार.

वॉल्टने मूठभर भडंग तोंडात टाकलं. "हरीण तर गेलंच," तो म्हणाला. "पण दात जपून. शेंगदाणे कडक आहेत."

संध्याकाळी मेधाने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "सांगायचं ना. दहीभात दिला असता."

*

इकडे अनिरुद्धने हरीण मिळायच्या आधीच जेवणावळ जाहीर करून टाकली होती! शेवटच्या रविवारी, संध्याकाळी. शेजारच्या बेलव्ह्यू गावापासूनची मंडळी बोलावली. मेधाने घराची वाटणी केली: वर डेकवर कोजागिरीचं दूध, खाली गराजमध्ये "तुमचं जंगल." गराजमध्ये वेगळा फ्रीझर, वेगळी पातेली, वेगळे डाव. कोल्हापूरहून मसाला आला. पॉटलक म्हणून कुणी भाकरी आणणार, कुणी सोलकढी. उरलेलं घरी न्यायला रिकामे डबे आणा, असाही मेसेज गेला.

एक जोडपं शाकाहारी होतं, पण त्यांना चव बघायची होती. नवऱ्याने ग्रुपवर विचारलं, "हरीण स्वतः फक्त पालाच खातं ना?"

"हो."

"मग ते तसं अर्धं व्हेजच झालं!"

रविवार उजाडला. फ्रीझर अजून रिकामाच. वॉल्टने पहिल्याच दिवशी स्वतःचं हरीण मारलं होतं. जबड्याचा फोटो सगळ्यांना पाठवला होता. त्याने सकाळी शेजारच्या अंगणातून हाक मारली. "माझ्या फ्रीझरमधली चार पाकिटं घेऊन जा. मसाल्यात कुणाला कळणार आहे?"

सतीश पिशवी घेऊन निघालासुद्धा! पण अनिरुद्ध म्हणाला, "नाही. मी मारलेलं नाही ते. मी मारलं म्हणून वाढायचं? दॅट्स नॉट एथिकल."

सतीशने माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत तो शब्द पहिल्यांदाच बरोबर जागी पडला होता.

*

दुपारी मेधा मला म्हणाली, "मिलिंद, तू जा ना बरोबर. बापलेक दोघंच गेले तर वाटेत भांडतील." म्हणून मी गेलो. जेवणावळीचं काय व्हायचं ते होवो, पैज बाकी होती, आणि उरलेल्या शुक्रवारी ऑफिसातून सुट्टी मिळणार नव्हती. रेवाचा फॉर्म लॅपटॉपवर अर्धा भरून ठेवलेला होता. मेजरची, म्हणजे मुख्य विषयाची, जागा रिकामी.

वाटेत कुणी भांडलं नाही. कुणी बोललंच नाही. आमच्या भागात ऑक्टोबरात पाऊस ठरलेला, पण त्या दिवशी आभाळ नेमकं स्वच्छ होतं. डोंगराच्या पायथ्याशी झाडं तोडून मोकळा केलेला एक पट्टा आहे. त्याच्या कडेला एका आडव्या पडलेल्या खोडामागे आम्ही तिघं बसलो. वारा समोरून येत होता. कपडे या वेळी वॉल्टच्या गराजमध्ये वाळवलेले. डब्यात दहीभात.

सूर्य बुडाला. कायद्याने आता थोडाच वेळ उरला होता. मी मनात म्हटलं, संपलं.

आणि तो आला. झाडीतून मान बाहेर काढून थांबला, मग दोन पावलं, मग आणखी दोन. नर. शिंगं नीट दिसत होती. आमच्याकडे आडवा उभा राहून चरायला लागला. वॉल्टने कागदावर काढून दाखवलं होतं, अगदी तस्सा!

अनिरुद्धने बंदूक खोडावर टेकवली. खांद्याला लावली. सेफ्टीचा खटका काढल्याचा बारीक आवाज मला ऐकू आला. हात थरथरत नव्हते. हे मी मुद्दाम सांगतो, कारण सतीश अजूनही मानत नाही. हळद पुसलेली होती. अंतर बरोबर होतं. एवढ्या जवळून त्याचा नेम चुकत नाही, हे रेंजवर सगळ्यांनी बघितलं होतं.

रेवाने डोळ्यांवरची दुर्बीण खाली घेतली. ती हरणाकडे बघतच नव्हती. बापाकडे बघत होती. तिने एक शब्द काढला असता तर हरीण पळालं असतं. साधा खोकला पुरला असता. तिने ओठ घट्ट मिटून धरले होते.

अनिरुद्धने हरणाकडे बघितलं. मग, शिकवलं होतं तसं, हरणाच्या मागे बघितलं. मागे नुसता डोंगराचा उतार. माणूस नाही, रस्ता नाही, घर नाही. आणि त्या उतारावर, देवदारांच्या शेंड्यांना चिकटून, परातीएवढा गोल, पिवळा, पूर्ण चंद्र वर येत होता.

तो किती वेळ तसाच बसला कुणास ठाऊक. हरणाने एकदा मान वर करून आमच्याकडे पाहिलं, चघळत चघळत, आणि पुन्हा खाली घातली.

मग सेफ्टी परत लावल्याचा आवाज आला.

"राहू दे," अनिरुद्ध हळूच म्हणाला. "आज संकष्टी आहे."

मी त्याच्याकडे बघितलं. रेवाने चंद्राकडे बघितलं. त्या व्हाइटबोर्डचा फोटो घरी आल्यापासून सीझनच्या सगळ्या तिथी तिला पाठ झाल्या होत्या. चतुर्थीचा चंद्र कसा असतो हे तिला माहीत होतं. आणि समोरच्या चंद्राला तर कुठूनही चिमूटभर खोट नव्हती.

"ओके, डॅड," ती म्हणाली.

हरीण पोटभर चरून आपलं आपण निघून गेलं. अनिरुद्धने बंदूक रिकामी केली. रेवाने त्याची पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली. परतीच्या वाटेवर चंद्र सारखा आमच्याबरोबर होता, कधी या खिडकीत, कधी त्या. कुणी त्याचं नाव काढलं नाही.

घरी अंगण गाड्यांनी भरलेलं. गराजमध्ये भाकऱ्यांची चवड, सोलकढी, एकावर एक रचलेले रिकामे डबे. मोठ्या पातेल्यात रस्सा उकळत होता. मी झाकण काढून बघितलं. मेधाने दुपारीच त्यात बटाटे घालून ठेवले होते.

वर डेकवर सगळे आमची वाट बघत होते. मधोमध दुधाचं पातेलं, त्यात केशर, आणि वरच्या सायीवर चंद्र. सतीश पुढे आला. "काय झालं बे? मिळालं?"

उत्तर रेवाने दिलं. "नो. आज संकष्टी होती."

सतीशने वर बघितलं. मग पातेल्यात बघितलं. मग तोंड उघडलं. तेवढ्यात मेधाने त्याच्या हातात दुधाचा ग्लास कोंबला. "तू पी."

दुसरा ग्लास तिने स्वतः भरला, काठोकाठ. नवऱ्याकडे बघितलं, मुलीकडे बघितलं, आणि ग्लास अनिरुद्धच्या पुढे धरला.

"घे," ती म्हणाली. "चंद्र दिसला ना? मग सोड उपवास."